अनारशावरचे तीळ

मागच्या रविवारी तू फोनवर सांगितलंस, की तिकडे अमेरिकेत तू औषधी गांजाचं दुकान काढते आहेस. डॉक्टरांचा कागद असेल त्यालाच मिळणार, अर्ज भरून झाला, आता फक्त तपासणी राहिली. तुझ्या आईने नंतर मला वेगळा फोन केला आणि आवाज खाली करून म्हणाली, "तू तरी तिला काहीतरी सांग गं." मी तुला काही सांगितलं नव्हतं, एकच विचारलं होतं: गांजा ठेवायच्या कपाटाची किल्ली कुणाकडे राहणार? तू हसलीस. मी मात्र खरंच विचारत होते.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत दुबईला अल मनखूलमध्ये मी औषधांचं दुकान सुरू केलं, हे तुम्हा सगळ्या नातवंडांना ठाऊक आहे. ते कसं होता होता राहिलं असतं, हे मी कधी लिहून ठेवलेलं नाही.

त्याआधी दहा वर्षं मी एका दवाखान्यात फार्मासिस्ट होते. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक मराठी जोडपं राहायचं. त्यातल्या गृहस्थांचा आजार शेवटाला आला होता. त्यांच्या दुखण्यावर चालणारी गोळी जवळपास कुठे मिळत नसे. ती कुलपाखाली ठेवायची औषधं. आसपासची दुकानं त्या भानगडीत पडत नसत. त्यांची बायको रोज दुपारी उन्हातून टॅक्सी शोधत दूरच्या इस्पितळात जायची. ते गेले तेव्हा मी ठरवलं, की आपलं दुकान काढायचं आणि त्यात ते कपाट असलंच पाहिजे.

दुकानाचा परवाना इथल्या एका अरब गृहस्थांच्या नावावर, औषधांची जबाबदारी माझ्या नावावर. साध्या औषधांची परवानगी लवकर मिळाली. कपाटाची वेगळी होती. भिंतीत पक्कं बसवलेलं लोखंडी कपाट, दोन कुलपं, पानांवर नंबर घातलेली वही, आणि जबाबदार माणसाचं चारित्र्य स्वच्छ. मी चार महिने फाइल तयार करत होते. शेवटी तपासणीचा दिवस ठरला, शनिवार सकाळ.

माझ्या सासूबाई, म्हणजे तुझ्या आईची आजी, दुकानाच्या मुहूर्तासाठी पुण्याहून यायच्या होत्या. वय सत्तर, पहिलाच विमानप्रवास. सोबत काय आणू नये, याची मी त्यांना यादी पाठवली. इंग्रजीत, टाइप करून, एक ते बावीस. खोकल्याची औषधं, झोपेच्या गोळ्या, दुखण्यावरच्या गोळ्या, सगळं नावानिशी. त्यांनी ती शेजारच्या मास्तरांकडून दोनदा वाचून घेतली.

बुधवारी संध्याकाळी त्या विमानतळाच्या दारातून बाहेर आल्या त्या लंगडतच.

"आई, गुडघा दुखतोय का? गोळी घेतली नाहीत?"

"गोळ्या पुण्यात ठेवून आले. तुझ्या यादीत नवव्या नंबरला होत्या ना!"

त्या साध्या गोळ्या होत्या, नवव्या नंबरातल्या नव्हेत; चालल्या असत्या. मला वाईट वाटलं आणि थोडं बरंही वाटलं, की माझं इतकं ऐकतं कुणीतरी. गाडीत त्या सांगत होत्या, "तिथल्या त्या पोलिसाने माझा डबा उघडायला लावला हो. मी म्हटलं, मिठाई, मिठाई. एक घे म्हटलं. तर हसला आणि यल्ला यल्ला करून पुढे जायला हात हलवला. भला माणूस."

घरी आल्यावर त्यांनी तो डबा स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला आणि झाकण काढलं. एक्केचाळीस अनारसे, दुकानाच्या मुहूर्ताचे. सोनेरी, सुरेख जाळी पडलेले, आणि प्रत्येकावर खसखस. शेजारी अनारशाच्या पिठाचे गोळे, इथे ताजे करून घालायला, आणि पाव किलो खसखशीची पुडी.

माझ्या बावीस ओळींत औषधं होती. स्वयंपाकघर मला आठवलंच नव्हतं. इथे खसखस अफूच्या खात्यात मोडते, हे मला पक्कं माहीत होतं; तो कागद माझ्याच फाइलमध्ये होता.

"आई, हे आत्ताच्या आत्ता टाकून द्यायला हवं."

"टाकून?" त्यांनी डब्यावर हात ठेवला. "तीन दिवस तांदूळ भिजवला, रोज पाणी बदललं. तुझ्या औषधाच्या दुकानात माझा अनारसा चालत नाही होय?"

"तसं नाही. इथे खसखस म्हणजे अफू."

"काहीतरीच! तुझ्या बाळंतपणात महिनाभर खसखशीची खीर घातली तुला. तेव्हा काही झोपली नाहीस! रात्रभर मलाच उठवत होतीस."

तुझे आजोबा तेवढ्यात हमरिया फ्री झोनमधल्या ऑफिसातून आले. त्यांनी ओट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "वा, फार्मासिस्टबाई! कपाट बसायच्या आधीच माल हजर."

"बाबा, इट्स नॉट फनी," तुझी आई म्हणाली. ती तेव्हा वीस-एकवीस वर्षांची, बँकेत पहिलीच नोकरी. "पीपल गो टू जेल फॉर धिस."

जेल हा शब्द सासूबाईंना कळला. त्या खुर्चीवर बसल्या.

"म्हणजे मी अफू घेऊन आले?"

त्यांनी डबा हाताने दूर सारला.

"आणि मला धरलं असतं, तर तुझं दुकान गेलं असतं?"

इथे मी तुला खरं सांगते. डबा उघडल्यापासून माझ्या डोक्यात शनिवार होता. घरात हे सापडलं तर लायसन्सचं काय, फाइलचं काय, चार महिन्यांचं काय. त्यांनी विचारलं तेव्हा पहिल्यांदा मला दिसलं, की इथली भाषा न येणारी एक म्हातारी बाई, दुखरा गुडघा घेऊन, कुठल्यातरी चौकीतल्या बाकावर बसली असती. आणि तिने आपलं काय चुकलं ते माझ्या यादीत शोधलं असतं.

"दुकान राहू दे हो," मी म्हटलं. "तुम्ही गेला असता."

"चल मग," त्या उठल्या. "मीच केलेत, मीच मोडते."

आम्ही बादलीत कढत पाणी घेतलं. त्या पाटावर बसून एकेक अनारसा मोडून पाण्यात सोडत होत्या, तुझी आई भांड्याने ते पाणी संडासात ओतत होती, आणि मी तुपाचा तवंग धुऊन काढत होते. पुडीही तशीच रिकामी केली. खसखस कशी असते तुला माहीत आहे. ती संपत नाही. ओट्याच्या फटीत, डब्याच्या कडेला, फरशीवर. मी तीन वेळा फरशी पुसली. मग सासूबाईंना दिव्याखाली उभं केलं आणि ओल्या फडक्याने त्यांच्या पदरावरचे, निऱ्यांतले दाणे टिपू लागले. त्या लहान मुलीसारखे दोन्ही हात बाजूला धरून उभ्या होत्या.

"लग्नात माझ्या सासूने मला असंच उभं करून नेसवलं होतं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "तू रागावली नाहीस ना?"

"यादी माझी चुकली, आई."

"हो," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी मला विचारून कर. मी तुला डब्यांची नावं सांगत जाईन."

शुक्रवारी त्यांनी पिठाचे गोळे बाहेर काढले. ते साधेच होते, तांदूळ आणि गूळ. "खाली लावायला काहीतरी हवं, नाहीतर पोळपाटाला चिकटतील," म्हणत त्यांनी माझे सगळे डबे हुंगून पाहिले आणि तिळावर थांबल्या. पहिले दोन अनारसे तुपात हसले, पार विरघळून गेले. तिसरा जमला. त्यांनी तो बराच वेळ उजेडात धरून पाहिला. "दिसायला जरा गावठी आहे," असा निकाल दिला.

शनिवारी तपासणीला आलेले अधिकारी वयस्कर सुदानी गृहस्थ होते, फार सभ्य. कपाट हलवून पाहिलं, दोन्ही कुलपं स्वतः उघडली, वहीची पानं मोजली. मग विचारलं, "किल्ली कुणाकडे असते?" मी गळ्यातली साखळी दाखवली. त्यांनी मान हलवली आणि कागदावर सही केली.

सासूबाईही दुकानात आल्या होत्या; नव्या अनारशांचा डबा मी त्यांना सही होईपर्यंत मागच्या खोलीत झाकून ठेवायला सांगितला होता. सही झाल्याबरोबर सासूबाई बशी घेऊन बाहेर आल्या. त्या गृहस्थांनी अनारसा उचलला, चष्मा वर केला आणि वरचे दाणे अगदी जवळून पाहिले. मी गळ्यातली साखळी मुठीत धरली, कारण नसताना.

"सिमसिम?" त्यांनी विचारलं. अरबीत तिळाला सिमसिम म्हणतात.

"सिमसिम," मी म्हटलं.

त्यांनी अनारसा खाल्ला. मग दुसरा घेतला. ते गेल्यावर सासूबाईंनी माझी बाही ओढली. "झाले का पास?"

"हो आई, मिळाला परवाना."

"तुझा नाही गं. माझे अनारसे."

दुसऱ्या आठवड्यात कपाटात औषधं आली. पहिली चिठ्ठी घेऊन एक मल्याळी मुलगी आली, तिच्या वडिलांसाठी. मी वहीत नोंद केली, तिची सही घेतली, आणि ती रस्ता ओलांडून पाच मिनिटांत घरी पोहोचली असेल.

सासूबाई परत पुण्याला गेल्या. त्यानंतर त्या होत्या तोवर दर दिवाळीला येणाऱ्या डब्यात अनारशांवर तीळच असत. मला वाटायचं, त्या आमच्यापुरते वेगळे करतात. पुढे एका दिवाळीला मी पुण्याला गेले, तेव्हा पाहिलं, की घरचे सगळेच तसे. शेजारीण बशी हातात घेऊन विचारत होती, "हे काय काकू, खसखस महागली की काय?"

"छे गं," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या सुनेचं औषधांचं दुकान आहे. आमच्याकडे नाही चालत."