चढणीच्या माशांची वाट

माझं माहेर वाण नदीच्या वरच्या अंगाला, डोंगराजवळ. सासर खाली, सिरसाळ्याच्या बाजूला. पावसाळ्यात नदी भरली की गंगेतले, म्हणजे गोदावरीतले, मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलटे वर चढत. चढणीचे मासे म्हणत त्यांना. त्या दिवसांत माहेरी घरोघर कालवण शिजायचं.

माझ्या लग्नानंतर सासऱ्यांनी मळ्याच्या पाण्यासाठी नदीत दगडी बांध घातला. निजामाच्या मोगलाईतले दिवस, गावचे पाटील तेच, अडवणार कोण? पहिल्या पुरात धुणं घेऊन गेले, तर मासे बांधावर उड्या मारत होते. आपटून पडत, पुन्हा उडी घेत. पोटं अंड्यांनी फुगलेली. खाली माणसं टोपल्या धरून उभी.

दोन-तीन पावसाळ्यांत त्या टोपल्या रिकाम्या यायला लागल्या. माझे वडील मला न्यायला आले होते, तेव्हा जेवताना म्हणाले, "आमच्याकडं वर मासाच दिसंना झालाय. भोई लोक गाव सोडायलेत." सासरे मान खाली घालून जेवत राहिले.

सुनेनं सासऱ्यांशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. मी माहेराहून आल्यावर चुलीपाशी बसून, ओसरीवर ऐकू जाईल अशा बेतानं सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, पुराचं पाणी तर बांधावरनं वाहूनच जातंय. तेवढ्यापुरती एका कडंनं वाट ठिवली तर मळ्याचं काय बिघडंल?"

"ऐकलं का, सून काय म्हणती ते?" सासूबाईंनी बाहेर आवाज दिला.

"ऐकलं. लई शानी हाय! बांध काय तिच्या बापानं घातलाय?"

मला वाटलं, संपलं.

पण उन्हाळ्यात त्यांनी वडार बोलावले आणि काठाकडचा बांध फोडून दगडांचा उतार करून घेतला. पोळ्यानंतर तिथं फळ्या लावून माती लिंपायची, म्हणजे मळ्याचं पाणी राहील, असं ठरलं. पूर आला. उतारावरून पाणी असं धावलं की मोजके आलेले मासेही मागं फेकले गेले. सासूबाई हसल्या. पाणी ओसरल्यावर सासरे कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि मोठाले दगड आडवे लावून पायरीपायरीनं डबकी केली. पुढच्या लोंढ्यात एक मासा एका डबक्यात दम खाऊन दुसऱ्यात उडाला. "चढ बे, चढ!" सासरे काठावरून ओरडले. त्यांना असं ओरडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी चावडीवर सांगून टाकलं, त्या वाटेवर जाळं न्हाई, टोपली न्हाई. पहिला टोपली घेऊन आला तो त्यांचाच धाकटा भाऊ.

"दादा, कावून अडवता? मासे काय तुमचे हायत का?"

"माझे न्हाईत, म्हणूनच अडवायलोय."

चुलत सासरे तणतणत गेले. पुढं धुण्याला येणाऱ्या आम्ही बायाच त्या वाटेवर नजर ठेवायला लागलो.

धाकट्या लेकाच्या वेळी मी माहेरी होते. एका सकाळी भावानं ओली टोपली चुलीपुढं ठेवली. वडलांनी टोपलीत हात घालून एक मासा उचलून बघितला.

पुढं वरच्या एका गावाला बांध घालायचा होता. तिथली माणसं आमच्याकडं उतार बघायला आली. सासरे आता थकले होते. तरी धोतर खोचून पाण्यात शिरले आणि कोणता दगड कसा आडवा टाकायचा, ते हातानं दाखवायला लागले.