एका पुंगळीवर खळगी नव्हती

मित्रहो, आज सकाळची घटना शांत चित्ताने लिहावी म्हणून दुपारपर्यंत थांबलो. चित्त शांत झालेले नाही.

अमिरातीतल्या अल ऐनमधील आमच्या शूटिंग क्लबात रत्नागिरीचे हमीदभाई रायफलच्या काडतुसांच्या झाडलेल्या पितळी पुंगळ्या साफ करतात. पुंगळीच्या बुडाशी प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी चिमुकली टोपी असते. ती हँडलच्या यंत्रात पुंगळी लावून, आतून पिन दाबून काढावी लागते. आज मी मदतीस बसलो.

"सर, प्रत्येकीचं बूड बघा, मगच लावा," ते म्हणाले.

मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले आहे. म्हणालो, "रेंजवरची प्रत्येक पुंगळी झाडलेली असते. या रेंजवरच्या आहेत. मग बघायचे काय?"

"तुमचं लॉजिक पुंगळीला माहीत आहे का?" ते हसले.

काही वेळाने एकीत पिन अडली. या खेपेत काहींची पिन जाण्याची छिद्रे अरुंद होती, म्हणून मी हँडलवर जोर वाढवला. तोच हमीदभाईंनी माझे मनगट धरले.

"खलास, बस झालं. हात काढा, सर."

त्यांनी पुंगळी उलटी करून दाखवली. झाडलेल्या प्रायमरवर खळगी पडते. हा गुळगुळीत होता, जिवंत होता. माझा चेहरा त्यापासून वीतभर अंतरावर होता.

अनुमान निर्दोष होते. त्याचे पहिले विधानच मी तपासले नव्हते.

घरी येताना ध्यानात आले, की तिच्याआधी चाळीसेक पुंगळ्या मी न बघताच दाबल्या होत्या. टळून गेलेल्या अपघाताचे भय आपण कसे पचवता?