सात नंबरचा उंदीर

माझ्या बाला लकवा मारला, उजवं अंग लुळं पडलं, त्याच वर्षी मला शहरातल्या एका प्रयोगशाळेत उंदीर सांभाळायचं काम लागलं. आमच्या गावात, जामसरला, हे कळलं तेव्हा सगळे हसले. भात खाणारे उंदीर आम्ही काठीनं मारतो, आणि हा त्यांना भरवायला चालला.

तिथे उंदरांच्या मेंदूची रक्तवाहिनी बंद करून त्यांना मुद्दाम लकवा आणत आणि मग मूळपेशी टोचत. सात नंबरच्या उंदराची बासारखीच उजवी बाजू गेली होती. खाताना कलंडायचा. मी त्याला भिजवलेलं खाणं बोटावर धरून भरवायचो. महिन्याभरात तो अरुंद पट्टीवरून न घसरता पलीकडे गेला. प्रयोग करणाऱ्या सरांना मी बाबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "बघतोयस ना? आता माणसांचाच नंबर. तुझ्या वडिलांना आपण सगळ्यात आधी घेऊ."

हातच्या काकणाला आरसा कशाला? त्या भरवशावर मी दिवाळीलाही घरी गेलो नाही. फोनवर बाला पट्टीची हकीकत सांगायचो. आई म्हणायची, बा आता भिंत धरून उभं राहायला बघतो, बोलावणं कधीही येईल म्हणून दाढी करून घेतो.

आमच्या घरात मरता मरता उठलेली कोंबडी कापत नाहीत. ती देवाची झाली म्हणतात, आणि ती म्हातारी होईपर्यंत अंगणात फिरते. सात नंबरचंही तसंच होणार असं मी धरून चाललो होतो. विचारायचं सुचलंसुद्धा नाही. एका सकाळी सरांनी त्याला आणायला सांगितलं. बरा झालेला मेंदू कापून बघायचा होता. दुसऱ्या कुणाच्या हातात तो शांत राहत नसे, म्हणून धरायलाही मीच. खायला असेल म्हणून त्यानं माझ्या बोटाला तोंड लावलं. सुई टोचली तेव्हा तो माझ्याच हातात होता.

नंतर मी बाचं विचारलं. सर हात धूत होते. माणसांचं अजून फार लांब आहे म्हणाले, आणि मला शब्द दिला तेव्हाही ते लांबच होतं.

"तू मन लावून काम करावंस म्हणून बोललो होतो रे. त्यात काय एवढं?"

केसानं गळा कापला माझा, आणि वर हसले. सरांचा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःचा. उंदराला हाताची सवय मीच लावली होती.

काम सोडून जव्हारहून जीपनं जामसरला आलो. बाला सगळं खरं सांगायचं असं वाटेत पक्कं केलं होतं. तो धुतलेला सदरा घालून दाराशी बसला होता. माझी बॅग बघून त्याला वाटलं, मी न्यायलाच आलो.

"तो उंदीर चालतोय ना रं अजून?" त्यानं विचारलं.

"चालतो," मी म्हणालो, आणि मी उठवावं म्हणून त्यानं डावा हात माझ्यापुढे केला.