तापल्यावर वापरू नये

अमुक यंत्र साऱ्या जगात मिळतं, मग आपल्याच देशात का मिळत नाही, असं लोक विचारतात. कुणी म्हणतं आपली वीज वेगळी, कुणी म्हणतं कायदा कडक. असेलही. बाकीच्या यंत्रांचं मला ठाऊक नाही. पण खाच पाडायची ती विजेवरची करवत आपल्याकडे का विकत नाहीत, ते मी छातीठोकपणे सांगू शकते. त्याचं कारण माझा मामा.

मामा सुतार. खणांची कपाटं करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. एका बोटाने ढकललं की खण आवाज न करता आत जायचा. आणि राग? तो कायम नाकावर. गिऱ्हाइकाने "जरा लवकर द्या हं" एवढं म्हटलं तरी मामा रंधा खाली ठेवायचा आणि त्या माणसाच्या सात पिढ्यांची विचारपूस करायचा. बाजारात त्याला तवा म्हणायचे, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती होती?

मग त्याचा उजवा खांदा गेला. पटाशीवर हातोडी मारली की हात तिथेच लुळा पडायचा. खाच पाडता येत नाही तो कपाटं काय करणार! मामाच्या जावयाचं गाद्यांचं दुकान होतं. जावई बिचारा भला माणूस. म्हणाला, "मामंजी, गल्ल्यावर बसा, पंखा आहे." मामी खूश झाली. मामा मात्र दोन दिवस कुणाशी शब्द बोलला नाही. कापूस भरलेल्या गाद्यांमध्ये बसून मरण्यापेक्षा सरळच मेलेलं बरं, असं त्याने तिसऱ्या दिवशी जाहीर केलं.

तेवढ्यात ही करवत आली. नुसती धरायची, बटण दाबायचं, खाच तयार. खांद्याला काम नाही. आणि योगायोग असा की तिचं माहितीपुस्तक आपल्या भाषेत आणायचं काम माझ्या आईकडे आलं. आई मामाची धाकटी बहीण. यंत्रांची पुस्तकं भाषांतरित करणं हाच तिचा धंदा. तिने नेहमीसारखं नेटकं लिहिलं: "यंत्र वापरणाऱ्याने हातमोजे घालावेत. तापल्यावर वापरू नये."

झालं. इथेच घोडं अडलं.

मंजुरी देणाऱ्या कचेरीतल्या साहेबांनी ते वाचलं. आधीच्या वाक्यात कोण आहे? वापरणारा. मग तापणारा कोण? तोच! म्हणजे रागीट माणसाला ही करवत विकायची नाही. साहेबांनी हुकूम काढला: गिऱ्हाइकाची परीक्षा घ्या, तापला नाही तरच करवत द्या.

आई धावत कचेरीत गेली. मी सोबत होते.

"साहेब, यंत्र तापल्यावर, असं आहे ते. माझा एक शब्द राहिला. घालून देते."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे यंत्र तापतं?"

"हो. सगळीच तापतात."

"बाई, तापणारं यंत्र विकायला आपल्याकडे परवानगीच नाही. शब्द घातलात तर करवत आजच परत पाठवावी लागेल."

"आणि माणूस तापला तर चालतो?"

"माणसाची परीक्षा घेता येते. यंत्राची कशी घेणार?"

आई कागद पिशवीत घालून उठली.

मामाला हे कळलं तेव्हा त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "एक शब्द! एक शब्द लिहायला काय हात दुखत होते तुझे? शाळेत घातली, शिकवली, आणि हिला भाषा येत नाही!" रोज सकाळी यायचा आणि हेच ऐकवून जायचा. आई निमूट ऐकायची. चूक तिचीच होती ना.

सुतारमंडळी एकामागून एक परीक्षेला बसली आणि धडाधड नापास झाली. सुतारच ते, कामाला नावं ठेवल्यावर गप्प बसतील होय? कंपनीने कळवलं, आता एकच जण उरलाय. हा पास झाला नाही तर आम्ही या देशातून गाशा गुंडाळतो. उरलेला एकच जण म्हणजे आमचा तवा.

घरात सराव सुरू झाला. आम्ही टोचून बोलायचं आणि मामाने ऐकून घ्यायचं. मामीने तर हात धुऊन घेतले. इतक्या वर्षांचं साठलेलं तिने असं काही बाहेर काढलं की तो सराव नव्हताच, हे मामाला फार उशिरा कळलं. मी म्हणायचे, "तुझं कपाट डुगडुगतं." मामाच्या कानावरची पेन्सिल हातात यायची आणि तिचे दोन तुकडे व्हायचे. पण हळूहळू पेन्सिली वाचायला लागल्या. मामा हसायला शिकला. ते हसू इतकं भयंकर होतं की शेजारची मांजर आमच्याकडे यायची बंद झाली.

परीक्षेच्या दिवशी साहेबांनी मामाच्या काखेत थर्मामीटर दिला. तापणे म्हणजे तापणे, कुठलीही शक्यता सोडायची नाही म्हणे. करवत खोक्यासकट टेबलावर होती. आई आणि मी भिंतीशी बाकावर.

"तुमच्यापेक्षा कारखान्यातली तयार कपाटं बरी."

"असतील साहेब."

"तुमच्या खणात उंदीरसुद्धा राहणार नाही."

"त्याची मर्जी, साहेब."

"हात गेला, आता गाद्या विका."

मामाचा जबडा हलला. मी आईचा हात घट्ट धरला. मामा म्हणाला, "गाद्याही लागतातच की लोकांना."

शाब्बास रे मामा! मला तर उभं राहून ओरडावंसं वाटलं. साहेबांनी शिक्का उचलला, शाईत दाबला. परीक्षा संपली होती. निव्वळ गप्पा मारायच्या म्हणून ते आईकडे बघून हसले आणि मामाला म्हणाले, "सुटलात बुवा. या बाईंना भाषा येत नाही, त्याचा तुम्हाला केवढा मनस्ताप!"

मामा उठला. थर्मामीटर खाली पडून फुटला.

"कुणाला भाषा येत नाही? हिला? अरे, आमच्या घरात पहिलं अक्षर काढलं ते हिने! माझ्या दुकानावरची पाटी हिची, माझ्या पोरीच्या लग्नाची पत्रिका हिची! तू कोण रे टिकोजी? तुला वाक्य वाचता येत नाही आणि माझ्या बहिणीला बोलतोस?"

आई "दादा, दादा" करत राहिली. शिक्का साहेबांच्या हातातच वाळला.

करवत त्याच आठवड्यात गेली. आजही आपल्याकडे मिळत नाही.

कचेरीतून आम्ही सरळ मामाच्या दुकानात गेलो. मामाने हत्यारं पेटीत भरली, बाहेर आला आणि शटरला हात घातला. हात खांद्याच्या वर जाईना. आईने पुढे होऊन शटर ओढलं.

"एवढं सगळं ऐकून घेतलंस दादा," ती म्हणाली, "तेवढं एक ऐकायचं होतंस."

"ते मी बोलायचं. त्याने नाही."

आईला रडू फुटलं. रडता रडताच तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दुखतं का रे फार?"

"फार दुखतं गं," मामा म्हणाला.