न लागलेला दिवा

आभाळ सकाळपासून गच्च भरून बसलं होतं. पडतही नव्हतं आणि सरतही नव्हतं. असल्या हवेत कपडे आंबट-ओले राहतात, म्हणून लाँड्रीवाल्या मामीनं उजाडताच इस्त्री हातात घेतली होती. नवरा बाजूला गठ्ठे बांधत होता. रविवारपासून तो तिच्याशी कामापुरतंच बोलत होता. ‘दे’, ‘ठेव’, ‘झालं का’. एरवी ह्या माणसाच्या तोंडाला कुलूप घालावं लागे.

काडी टाकली ती भाच्यानं. नणंदेचा हा मुलगा मामीच्याच हाताखाली वाढलेला, आता मेंदूची चित्रं काढणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला. गेल्या आठवड्यात तो तिला तिथं घेऊन गेला. “मामी, यंत्रात नुसतं पडून राहायचं. फोटो दिसतील ते बघ. फक्त डोकं हलवू नकोस.”

मामी त्या यंत्राच्या बोगद्यात शिरली. आत अशी ठोकाठोक, की डोक्यावर कुणी पत्रा सरळ करतंय. आधी कुणा परक्या बाप्याचा फोटो आला, मग नवऱ्याचा. ओळखपत्रावरचा, ओठ आवळलेला, जणू दाढ उपटायला बसलाय! तिला असलं हसू फुटलं. पण हलायचं नव्हतं. तिनं ते ओठ दाबून गिळलं.

रविवारी चहाला भाचा म्हणाला, “मामा, मामीच्या मेंदूत तुमच्या नावाचा दिवा काही लागला नाही बरं का!”

सगळे हसले. मामा हसला नाही.

आज भाचा कपडे टाकायला आला, तसं मामीनं त्याला धरलं. “काय रे, तो तुझा दिवा नक्की कशाचा?”

भाच्यानं कान खाजवला. “एकाच कशाचा असा नसतो गं. मेंदूतली ती जागा भूक लागली तरी उजळते, पैज जिंकली तरी तीच. मामाच्या फोटोच्या वेळचं जे येतं त्यातून परक्याच्या वेळचं वजा करायचं, उरेल त्याला आम्हीच रंग देतो. एका माणसाच्या चित्रावरून मनातलं सांगता येत नाही. गंमत केली मी.”

“मग मामाला सांग.”

त्यानं सांगितलं. मामानं गठ्ठ्याची गाठ आवळली. “मशीनला काय पडलंय खोटं बोलायचं? तू आता मामीचीच री ओढणार.”

“अहो, हसू दाबत होते मी. फोटोतलं तुमचं ते तोंड बघून.”

“बरं.”

भाचा मान खाली घालून निघून गेला. त्याचं काय, पोरच ते, जीभ सैल. पण ते ‘बरं’ मामीला खोल लागलं. जीव लागतो म्हणतात माणसाला, दिवा कधीपासून लागायला लागला? नवरा तापानं फणफणला होता तेव्हा ती उशाशी बसून असायची. तेव्हा नाही त्यानं तिच्या डोक्यात बॅटरी मारून बघितली. इतक्या वर्षांत एकदा तरी विचारायचं, ‘काय गं, आवडतो का मी?’ विचारलं नाही. मशीननं न विचारता सांगितलं, ते मात्र पटलं.

इस्त्रीचा लाल दिवा टक् करून विझला. म्हणजे हवी तेवढी तापली. मामीनं ढिगातला वरचा शर्ट ओढला. नेमका नवऱ्याचाच निघाला.

तिनं पाणी शिंपडलं, कॉलर उलटी केली आणि इस्त्री टेकवली.