दोन डाव्या बाह्या

गल्ली तिला कातर म्हणे. तोंडावर म्हणे, आणि तिची त्याला काही हरकत नव्हती. शिलाईचं दुकान चालवणारी बाई, हातात दिवसभर कातर आणि तोंडात तिच्याहून धारदार जीभ. लोकांना दुसरं नाव सुचणार तरी कसं?

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीला लागून मशीन, भिंतीकडेला कापायचं लांब टेबल, खुंट्यांवर एका बाहीचे, बिनकॉलरचे, वाट बघत लटकलेले कपडे. लग्नात तिनं दागिना मागितला नव्हता, मशीन मागितली होती. सासरी आल्याबरोबर सासू म्हणाली, "पुढच्या खोलीत पाहुणे बसतात. मशीन मागे ठेव."

"पाहुणे मागे बसवू," नवी सून म्हणाली.

मशीन पुढेच राहिली. त्या दोघींचं पुढं कसं जमलं हा वेगळा ग्रंथ होईल, पण सासू गेली ती सुनेनं शिवलेल्या कपड्यात गेली, आणि जाण्याआधी शेजारणीला बजावून गेली, "माझ्या सुनेच्या शिवणीत नख घालून दाखव."

शिवण तिला आईनं शिकवली. आई इस्पितळाचे पडदे आणि चादरी शिवायची. तिचं सांगणं एकच: "उसवायला लाजू नये. चुकलेल्या शिवणीवर इस्त्री फिरवतो तो टेलर नव्हे, लबाड." पश्चात्ताप म्हणजे काय हे कातरला चर्चच्या बाकावर नाही, आईच्या मांडीशी बसून कळलं. चुकलं की टाका काढायचा, दोरा झटकायचा, पुन्हा घालायचा. त्यात रडायचं काय?

आता सासऱ्यांकडे येऊ, कारण सगळं रामायण त्यांनीच घडवलं. सासरे बसचे निवृत्त ड्रायव्हर. उभं आयुष्य 'चालकाशी बोलू नये' या पाटीखाली काढलेलं, त्यामुळे आत साठलेलं सगळं बोलणं पेन्शनीबरोबर सुरू झालं. दुकानाच्या दाराशी खुर्ची टाकून ते बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवत. दोन शब्दांसाठी थांबलेल्या माणसाचं दूध नासे.

त्यांच्या चर्चमध्ये एक रीत होती. दर शुक्रवारी संध्याकाळी पाळीपाळीनं एकेकाच्या घरी प्रार्थना भरे, आणि प्रार्थनेनंतर 'घरचा धडा' होई. आठवड्यात घरात जे घडलं त्यातून देवानं काय शिकवलं, ते कुणीतरी उठून सांगायचं. बाकीच्यांचे धडे चटकन आटोपत. दूध उतू गेलं, धीर धरायला शिकलो, आमेन. ड्रायव्हरबाबा उठले की मात्र शेवटचा थांबा येईपर्यंत कुणाला उतरायची सोय नसे. खोटं कशाला बोला, माणूस रंगवून सांगायचा. पाळकसाहेबांच्या उपदेशाला डुलक्या घेणारे लोक यांच्या धड्याला पुढं सरकून बसत.

अडचण एवढीच, की धडा घरचा आणि घरात दिवसभर असणारी माणसं दोन. त्यातला एक धडा सांगणारा. मग उरलं कोण?

कातरनं भात करपवला, धडा. कातर गिऱ्हाइकावर खेकसली, धडा. तिनं सुई हरवली आणि अख्खी खोली झाडून काढली, त्याला तर बायबलमधल्या हरवलेल्या नाण्याचा दाखला जोडून त्यांनी दोन शुक्रवार पुरवला. तिनं हे सगळं ऐकून घेतलं. म्हातारा माणूस, बोलतो, बोलू दे. पण बाह्यांची गोष्ट वेगळी झाली.

एका बाईचा झगा शिवायला आला होता. कापड एका बाजूनं चकचकीत, दुसऱ्या बाजूनं मंद. एरवी असलं कापड दुमडून कापतात, म्हणजे एक बाही उजवी आणि एक डावी आपोआप निघते. कापड अपुरं होतं म्हणून तिनं ते एकेरी अंथरलं, कागदी नमुना ठेवून एक बाही कापली, आणि दुसरीसाठी नमुना उलटा करायचा राहिला. दोन्ही बाह्या डाव्या. साधं कापड असतं तर पालथं घालून भागलं असतं. याला पालथं घालायची सोय नव्हती. तिनं स्वतःवरच दोन शिव्या हासडल्या, तसंच कापड बाजारातून आणलं, छटेत फरक दिसू नये म्हणून दोन्ही बाह्या नव्यानं कापल्या, आणि झगा ठरल्या दिवशी दिला. गिऱ्हाइकाला पत्ताही नाही. पण खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला होता.

त्या शुक्रवारी ड्रायव्हरबाबा उठले. "एका घरात," त्यांनी सुरुवात केली, "एका टेलरणीनं घाईघाईत दोन्ही बाह्या डाव्या कापल्या." लोक तिथंच हसायला लागले. "आता न्यायाच्या दिवशी प्रभू मेंढरांना उजवीकडे घेणार आणि शेरडांना डावीकडे. मला सांगा, ज्या घरात दोन्ही बाजू डाव्याच, तिथल्या मेंढराला उभं कुठं करणार?"

खोली हसून हसून लोटपोट झाली. पाळकसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. कातर भिंतीशी बसून आपल्या बोटावरचं सुईचं भोक बघत राहिली.

पुढच्याच आठवड्यात चर्चच्या ऑर्गनबाई दुकानात आल्या. ऑर्गन त्याच वाजवत आणि गायनमंडळही त्याच सांभाळत. गायनमंडळाला नवे झगे शिवायचे ठरले होते आणि ते काम कातरनं करायचं हेही ठरल्यासारखंच होतं. तिच्यासाठी ते नुसतं काम नव्हतं. देवानं तिला आवाज दिला होता तो कावळ्याला दिलासा वाटावा असा. गाणाऱ्यांत उभं राहणं तिच्या वाट्याला कधी येणार नव्हतं. पण झगे तिचे असणार होते. ती बाकावर बसून ओठ मिटून राहील, आणि तरी पुढं उभ्या असलेल्या त्या सगळ्यांच्या अंगावर तिचंच गाणं असेल, असं तिनं मनाशी धरलं होतं.

"अजून नक्की काही नाही हो," ऑर्गनबाई मशीनकडे न बघता म्हणाल्या. "कापड एका बाजूनं चकचकीत घेतलंय. महागाचं. आता कमिटीत लोक म्हणतात..."

"काय म्हणतात?"

"तुम्हाला माहीतच आहे. बाह्यांचं."

त्या गेल्या. कातरनं मशीनवर कव्हर घातलं. भर दुपारी कव्हर घातलेलं बघून सासरे खुर्चीतून वळले.

"बाबा," ती म्हणाली, "माझे झगे गेले. तुमच्या धड्यापायी."

"मी नाव घेतलं होतं का तुझं? 'एका घरात' म्हणालो."

"तुमच्या तोंडात एकच घर आहे."

"अगं, प्रभूसुद्धा घरातल्याच गोष्टी सांगायचा. पीठ, दिवा, हरवलेलं नाणं..."

"सांगायचा ना. पण नाणं हरवलेली बाई कुठल्या गल्लीत राहायची, कुणाला ठाऊक आहे? कुणाची सून होती ती? नाही ना ठाऊक? त्यानं झाकून सांगितलं. तुम्ही पत्त्यासकट सांगता. त्याला दाखला म्हणत नाहीत बाबा, चहाडी म्हणतात."

म्हातारबुवा रुसले. "मला आज जेवण नको," असं जाहीर करून ते काठी घेऊन बाहेर पडले. संध्याकाळी नवरा कामावरून आला. तो वेल्डर; दिवसभर ठिणग्या बघून घरी आल्यावर त्याला शांतता लागे.

"जाऊ दे ना," तो म्हणाला.

"कुठं जाऊ दे? झगे तर आधीच गेले," ती म्हणाली.

त्याच गडबडीत त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या डब्यासाठी तळून ठेवलेला मासा ओट्यावरून नाहीसा झाला. ताटलीत नुसता काटा. सासरे तेव्हा मागच्या दारानं आत आले होते. "मांजर होतं ओट्यावर," त्यांनी सांगितलं. मांजराला नवऱ्याकडून झाडूचा एक फटका बसला, कातरनं त्याचं दूध बंद केलं, आणि प्रकरण मिटलं.

येणारा शुक्रवार त्यांच्याच घरचा होता. कातरनं नवऱ्याला सांगितलं, "या वेळी धडा मी सांगणार." नवऱ्यानं हातातला घास परत ताटात ठेवला. सासऱ्यांवर सांगण्यासारखं तिच्याकडं काय काय आहे याचा त्याला चांगला अंदाज होता.

शुक्रवारी पुढची खोली माणसांनी भरली. कापायच्या टेबलावरसुद्धा दोघं बसले. प्रार्थना झाली. सासरे सवयीनं खाकरून उठायला लागले, तोच कातर उभी राहिली. तिच्या हातात त्या दोन्ही बाह्या होत्या.

"या बघा," ती म्हणाली, आणि पहिल्या रांगेत दिल्या. "हातात घेऊन बघा. दोन्ही डाव्या. मीच कापल्या. ऐकीव बातमीपेक्षा बघितलेली बरी. आता या आठवड्यात ज्यानं आपल्या घरात काहीच वाकडं कापलं नाही, त्यानं उठून सांगावं की झगे दुसरीकडं टाका. मी आनंदानं पत्ता देईन."

बाह्या एका हातातून दुसऱ्या हातात गेल्या. ज्याच्या हाती येत तो त्या विस्तवासारख्या पुढं ढकली. कुणी उठलं नाही. ऑर्गनबाईंना एकाएकी आपल्या पर्समध्ये काहीतरी शोधायचं आठवलं.

"दुसरं," कातर म्हणाली. "या घरात आजपासून नियम. धडा सांगायचा तर स्वतःवर सांगायचा. दुसऱ्याच्या कापडाला कातर लावायची नाही. ज्याला पटत नाही त्यानं दुसऱ्या घरी सांगावा."

"पण सूनबाई," सासरे म्हणाले, "स्वतःवर असं काय सांगणार माणूस?"

"काही नसेल तर गप्प बसा, बाबा."

गप्प! ड्रायव्हरबाबा बसले. म्हाताऱ्याच्या ओठांची चुळबुळ चालली होती, एकदा टाळूवरून हात फिरवला, एकदा काठी या हातातून त्या हातात घेतली. ब्रेक दाबून धरलेली बस उतारावर जशी थरथरते तसं त्यांचं झालं. आणि शेवटी सुटली.

"तो मासा मी खाल्ला," ते म्हणाले.

"कुठला मासा?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"डब्याचा. जेवणार नाही म्हणून मिजाशीत बाहेर पडलो. बसथांब्याच्या बाकावर जाऊन बसलो. पोटात कावळे. मागच्या दारानं आलो, ओट्याशी उभ्या-उभ्या खाल्ला. घशात काटा अडकला, तरी खोकलो नाही, पकडलो जाईन म्हणून." आता त्यांच्या डोळ्यांत चमक आली, गोष्ट रंगायला लागली होती. "आणि म्हणालो, मांजर होतं. त्या मुक्या जिवाला माझ्यासमोर झाडूचा फटका बसला. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघितलं. मंडळी, निष्पापानं दुसऱ्याच्या पापाचा मार खाल्ला हे मी लहानपणापासून ऐकतोय, दर आठवड्याला गातोय. पण झाडूचा आवाज ऐकल्यावर समजलं की मी कोणत्या बाजूचा. मार खाणाऱ्याच्या नव्हे, हो. मासा खाणाऱ्याच्या."

मग वेल्डर नवराच आधी फुटला, इतका की त्याला दाराबाहेर जावं लागलं. कातरनं ओठ घट्ट दाबून धरले होते, पण खांदे ऐकेनात.

"मांजराचं दूध?" सासऱ्यांनी तिला हळूच विचारलं.

"आजपासून सुरू. तुमच्या वाटणीतलं."

त्यानंतर टेबलावर बसलेल्यांपैकी एकानं सांगितलं की तो बायकोला महिनाभर खोटं सांगून पत्ते खेळायला जातोय, आणि बायको शेजारीच बसली होती. प्रार्थना त्या दिवशी फार लांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑर्गनबाई आल्या. बगलेत कापडाचा मोठा गठ्ठा. त्यांनी तो टेबलावर ठेवला. कातरनं माप घ्यायची टेप गळ्यातून काढली.

"कमिटीचं म्हणणं पडलं की तुम्हीच शिवा," ऑर्गनबाई म्हणाल्या. "फक्त बाह्या तेवढ्या जरा बघून..."

कातरनं टेप पुन्हा गळ्यात घातली.

"बाई," ती म्हणाली, "ते वाक्य बाहेर ठेवून या. मग पहिलं माप तुमचंच घेते."

ऑर्गनबाईंनी सासऱ्यांकडं पाहिलं. सासरे रस्त्यावरची रहदारी मोठ्या एकाग्रतेनं बघत होते. बाई पायरी उतरून बाहेर गेल्या, रस्त्यावरच्या नळाशी जराशा थांबल्या, आणि परत आत आल्या.

"हात वर करा," कातर म्हणाली.