थांब्यावरून परत गेलेली माणसं

विद्यार्थी त्यांना बससर म्हणत. बससरांची सगळी हयात एका चुकीपायी गेली, आणि चूक त्यांचीच, मग बोटं मोडायची कुणाच्या नावानं?

पंचविशीत त्यांनी प्रबंध लिहिला: किलोमीटरमागे चारपेक्षा कमी प्रवासी चढत असतील, तर तो बसमार्ग बंद करावा. मोजणी केली बसमध्ये बसून. अहो, ताटकळून, वैतागून थांब्यावरूनच परत गेलेला माणूस बसमध्ये दिसेल कसा? हे शहाणपण सुचायला दोन वर्षं लागली. पुढची तीस वर्षं सर लेख लिहून आणि भाषणं देऊन चूक कबूल करत राहिले. पण परिवहन खात्याला तो पहिलाच आकडा आवडला होता. सोपा होता ना! गाड्या कमी केल्या की माणसं कंटाळायची, माणसं कंटाळली की आकडा घसरायचा, मग आणखी गाड्या कमी.

यंदा पाळी आली चौदा नंबरची. सरांची थोरली बहीण आठवड्यातून तीनदा त्याच बसनं डायलिसिसला जायची, एकटी. सर सोबत निघाले की ताई डाफरायची, "मी काय कुक्कुलं बाळ आहे? एवढं एक तरी माझं मला करू दे!"

सर पाच दिवस पहाटेपासून थांब्यावर उभे राहिले. दोनशे बारा माणसं आली, त्यातली नव्वद वाट बघून चालती झाली. तो कागद घेऊन ते परिवहन खात्याच्या समितीपुढे गेले. अध्यक्ष त्यांचाच जुना विद्यार्थी.

"सर, नियमावलीत तुमचंच नाव आहे. तुमच्याविरुद्ध आम्ही कसे जाणार?"

"अरे, तेच सांगतोय! ते चुकलंय!"

"सरांचा नम्रपणा बघा," अध्यक्ष म्हणाले. सगळे कौतुकानं हसले. पालथ्या घड्यावर पाणी! सरांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. चहा आला, आणि चौदा नंबर बंद झाली.

घरी ताई थांब्यावरची नोटीस वाचून आली होती.

"खाली तुझं नाव छापलंय रे. म्हणजे बरोबरच असणार. तुझं गणित कधी चुकलंय?"

सरांनी मोजणीचा कागद घडी करून खिशात घातला.

"उद्या टॅक्सी बोलाव," ती चप्पल काढत म्हणाली. "आणि सोबत ये."